कॉल लागला की काळा होणारा स्क्रीन : आत्याच्या फोनच्या दुरुस्तीच्या नोंदी

फोन : अँड्रॉइड, चार वर्षं जुना, प्लॅस्टिकचं मागचं झाकण, बोटाचा सेन्सर पाठीवर, हेडफोनचं भोक शाबूत. गेल्या दिवाळीत पडून काच फुटली तेव्हा जवळच्याच एका दुकानातून फोल्डर (म्हणजे काच आणि डिस्प्लेचा अख्खा जोड) बदलून घेतलेला.

तक्रार : कॉल लावला की स्क्रीन काळा. कानापासून लांब धरला तरी काळाच. समोरच्याने ठेवला की आपोआप उजळतो.

५ जुलै २०२५, शनिवार

आत्याला बोलायला काहीच त्रास नाही, आवाज खणखणीत. अडतं ते पुढे. गॅस नोंदवायला फोन केला की अमुक भाषेसाठी अमुक दाबा असं ऐकू येतं आणि दाबायला समोर काळी पाटी. बँकेचंही तेच. शिवाय फोन कट होत नाही. "अगं, परवा भिशीतल्या एकीशी बोलले, बटण दाबलं, मला वाटलं ठेवला फोन. मग यांच्याशी तिच्याबद्दलच बोलत बसले. ती सगळं ऐकत होती!" त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी पोहे करून पाठवले म्हणे, पण मजकूर काय होता ते आत्याने सांगितलं नाही.

आधी डिस्प्लेच गेलेला नाही ना, हे तपासलं. वायरचा इअरफोन लावून कॉल केला. स्क्रीन लख्ख चालू, आकडेही दाबता येतात. इअरफोन लावला किंवा स्पीकर चालू असला की फोन कानाशी नाही हे सिस्टीमला कळतं आणि ती प्रॉक्सिमिटी सेन्सरकडे, म्हणजे फोन कानाजवळ आला का ते ओळखून स्क्रीन बंद करायला लावणाऱ्या सेन्सरकडे, बघतच नाही. म्हणजे डिस्प्ले ठीक, टच ठीक, गडबड सेन्सरची किंवा त्याच्या वाटेत आलेल्या कशाची तरी.

मग सेफ मोड. पॉवर बटण दाबून धरायचं, 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून ठेवायचं, विचारेल तेव्हा हो म्हणायचं. यात बाहेरून टाकलेली ॲप्स झोपतात. आत्याच्या फोनमध्ये कॉलर ओळखणारं एक आणि कॉल रेकॉर्ड करणारं एक अशी दोन संशयित होती. सेफ मोडमध्येही स्क्रीन काळाच. दोघंही निर्दोष.

तात्पुरती सोय म्हणून सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन पॉवर बटणाने कॉल संपवण्याचा पर्याय चालू करून दिला. स्क्रीन काळा असला तरी बाजूचं बटण दाबलं की फोन कट होतो. गॅससाठी इअरफोन. ज्यांना फोन उघडायचाच नाही त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. काही फोनमध्ये कॉलिंग ॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सिमिटी सेन्सर बंद करायचंच बटण असतं, तेही शोधून बघा. फक्त मग गाल लागून कॉल म्यूट होणं, होल्डवर जाणं हे सगळं सहन करावं लागतं.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी होईपर्यंत फोन माझ्या ताब्यात.

सेन्सर दाखवणारं एक फुकटचं ॲप टाकलं. प्रॉक्सिमिटीच्या ओळीत सतत ०. बहुतेक फोनमध्ये हा सेन्सर खरं अंतर सांगत नाही, नुसतं 'जवळ' किंवा 'लांब' सांगतो. जवळ असेल तर ०, लांब असेल तर ५ सेंटिमीटर. टेबलावर आकाशाकडे तोंड करून ठेवलेला फोन ० दाखवतो म्हणजे त्याला कायम कोणीतरी कानाशी आल्यासारखं वाटतंय.

० आणि ५ वर निदान होत नाही. आतला कच्चा आकडा, म्हणजे सेन्सरने टाकलेला प्रकाश किती परत आला त्याचं माप लागतं, आणि तो आकडा कंपनीच्या छुप्या चाचणी मेनूत असतो. डायलरमध्ये कोड टाकून तो उघडतो. शाओमी, रेडमी, पोकोला *#*#६४८४#*#*, सॅमसंगला *#०*#. बाकीच्यांचे वेगवेगळे आहेत. काही मेनूंमध्ये नुसतं 'पास-फेल' येतं, या फोनमध्ये नशिबाने आकडा दिसतो, शेजारी दोन मर्यादाही. ७०० च्या वर गेला की 'जवळ', आणि परत 'लांब' व्हायला ५५० च्या खाली उतरावं लागतं. या दोन वेगळ्या मर्यादा लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच निघाली.

समोर काहीही नसताना आकडा ९१० च्या आसपास.

टेम्पर्ड ग्लास काढली. काळ्या बॉर्डरवाली, सध्या सगळीकडे चिकटवून देतात ती. तिची बॉर्डर बरोबर सेन्सरच्या फटीवर आलेली. काढल्यावर ७६०. मग फट साफ केली. कोरडा मऊ टूथब्रश, नंतर लेन्स पुसायच्या फडक्याचा कोपरा. पावडर आणि खोबरेल तेल यांचं राखाडी लोणी निघालं. ६९०.

आता गंमत बघा. ६९० म्हणजे ७०० च्या जेमतेम खाली. कॉल लावला तर स्क्रीन चालू राहिला आणि स्वयंपाकघरातून "झाला का गं?" आलं. कानाला लावला, काळा झाला, तो काळाच राहिला. गाल बाजूला गेला तरी आकडा ६९० लाच परततो, ५५० च्या खाली जातच नाही. ज्यांचा स्क्रीन 'सुरुवातीला ठीक आणि कानाला लावल्यावर कायमचा काळा' होतो त्यांचं दुखणं बहुतेक हेच असतं.

चाचणी मेनूत कॅलिब्रेशनचा पर्याय होता. समोर काही न ठेवता तो दाबला. सेन्सरने ६९० हाच आपला शून्य धरला आणि लगेच शहाण्यासारखा वागायला लागला. आत्या खूश. मी खिचडी खाऊन घरी.

९ जुलै, बुधवार

आत्याचा फोन, बोलता बोलता म्यूट. परत केला, होल्डवर. आता उलटं झालंय. कानाला लावला तरी स्क्रीन चालूच राहतो आणि गाल बटणं दाबतो.

कारण ६ तारखेच्या कॅलिब्रेशनमध्येच आहे. फटीत अजून घाण होती, तिच्यासकट कॅलिब्रेट केलं. फोन पर्समध्ये हलला, पावसाळी दमट हवा, आतली घाण थोडी सरकली आणि मोकळा आकडा उतरला. पण सेन्सर अजून जुनेच ६९० वजा करतोय. त्यामुळे गाल जवळ आला तरी उरलेला आकडा मर्यादेपर्यंत पोचत नाही. त्यात आत्याचे केस कानावर येतात, आणि काळे केस इन्फ्रारेड फारसं परत पाठवत नाहीत. हा सेन्सर अदृश्य इन्फ्रारेड प्रकाश फेकतो आणि किती परत आला ते मोजतो, एवढंच त्याचं काम.

म्हणजे कॅलिब्रेशन हे सगळ्यात शेवटी, सगळं स्वच्छ आणि जागेवर बसल्यावर. इंटरनेटवर तो पहिला उपाय म्हणून सांगतात. त्यात एक दिवस बरं वाटतं आणि पुढचा आठवडा वाया जातो.

ज्या दुकानातून फोल्डर बदलला होता तिथे आत्या स्वतःच जाऊन आली. एकाने "फॉरमॅट मारून बघू" म्हटलं, दुसऱ्याने बोर्डाचा प्रॉब्लेम सांगून ₹१,८०० मागितले. फॉरमॅट मारू दिला नाही हे बरं झालं. कॅलिब्रेशनचे आकडे फोनमध्ये वेगळ्या कप्प्यात राहतात, फॅक्टरी रीसेट त्याला हात लावत नाही. फोटो गेले असते आणि स्क्रीन तसाच राहिला असता.

१२ जुलै, शनिवार

बोर्डावर खर्च करण्याआधी सेन्सर जिवंत आहे का ते बघायचं होतं. त्याला एक पैसा लागत नाही.

दुसऱ्या फोनचा कॅमेरा घ्या, शक्यतो पुढचा, कारण मागच्या कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर जास्त कडक असतो. आधी टीव्हीच्या रिमोटवर खात्री करा. रिमोटचं बटण दाबल्यावर कॅमेऱ्यात पुढचा दिवा जांभळट चमकायला हवा. चमकला तर तो कॅमेरा चालेल. मग अंधार करून, आजारी फोनवर चाचणी मेनू उघडून त्याच्या फटीकडे कॅमेरा धरायचा. आत्याच्या फोनमध्ये फटीच्या डाव्या टोकाला फिकट जांभळा ठिपका लुकलुकत होता. पण ठिपक्याला धार नव्हती. दूधकाचेतून दिवा दिसावा तसा पसरट.

सेन्सर प्रकाश टाकतोय, आणि आकडा बदलतोय म्हणजे वाचतोयही. तो मेलेला नाही. प्रकाश बाहेर जायच्या आत कुठेतरी अडकून त्याच्याच डोळ्यात परत येतोय. बोर्डाचे ₹१,८०० वाचले.

(काही फोनमध्ये असा दिवा नसतोच. इअरपीसमधून माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून कान ओळखतात. २०१६ च्या मी मिक्समध्ये हे होतं. अशा फोनमध्ये जांभळा ठिपका दिसला नाही म्हणून घाबरू नका, इअरपीसची जाळी आणि माइकचं भोक आधी साफ करा.)

दुपारी डोंबिवलीहून ग्रँट रोडला, तिथून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली ₹९०, पिक (झाकण उचकटायची प्लॅस्टिकची पातळ चकती), सक्शन आणि स्क्रूड्रायव्हरचा संच ₹२८०, फोनची काच चिकटवायचा बी-७००० गम ₹८०. सेन्सरवर बसणारं, त्याचा प्रकाश आतल्या आत परतू न देणारं रबर विचारलं. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, रबर के लिए कोई नहीं आता, सब पूरा सेन्सर बदलते हैं." तरी डब्यात हात घालून एक काढून दिलं, ₹४०. मॉडेल तेच म्हणाले. ते नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

१३ जुलै, रविवार

उघडला. इथे सावकाश लिहिते, कारण नवखा माणूस फोन बिघडवतो तो इथेच.

फोन बंद. बॅटरी पाव भागाच्या खाली आणून ठेवलेली. चुकून पिक टोचलीच तर कमी भरलेली बॅटरी कमी भडकते. सिमचा ट्रे आधी बाहेर. तो आत राहिला तर झाकण त्याच्यावर अडकतं आणि जोर लावला की ट्रेची चौकट तुटते.

पिक खालच्या कोपऱ्यातून घालून कडेने फिरवली, एकेक क्लिप टक् टक् सुटत गेली. झाकण सुटलं तरी ओढायचं नाही. बोटाच्या सेन्सरची पट्टी झाकणावरून बोर्डाकडे जाते, पुस्तकासारखं एका बाजूला उघडायचं आणि पट्टीचा कनेक्टर नखाने उचलायचा.

वरच्या प्लॅस्टिक कव्हरचे स्क्रू काढले. एक स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो. सगळे निघाले तरी कव्हर हलत नसेल तर तिथे बघा. कागदावर फोनची चौकट काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपने चिकटवला. सगळे सारखे दिसतात पण लांबी सारखी नसते, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालून डिस्प्लेला टोचतो. कव्हर निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मग डिस्प्ले, खालच्या चार्जिंग बोर्डाची पट्टी, अँटेनाची बारीक काळी केबल. बोर्ड वरच्या कडेने उचलला.

सेन्सर बोर्डाच्या कडेला, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. त्यावर दोन भोकांचं काळं रबर असायला हवं. एका भोकातून प्रकाश बाहेर जातो, दुसऱ्यातून परत येतो, आणि मधली भिंत दोघांना वेगळं ठेवते. इथे रबराचा फाटका अर्धा तुकडा फ्रेमला चिकटलेला. मधली भिंत गायब.

फ्रेमच्या भोकातून काचेची आतली बाजू पाहिली. सेन्सरच्या खिडकीवर वाळलेल्या गमाचा दुधी थर. फोल्डर बसवताना गम जास्त लावला गेला, दाबल्यावर भोकात उतरला आणि वाळला. कॅमेऱ्यात ठिपका पसरट दिसत होता तो यामुळे.

गम काढायला कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल, तीही पिळून, नुसती ओलसर. थेंब पडला तर डिस्प्लेच्या कडेने आत शिरतो आणि कायमचा डाग राहतो. थोडा वेळ ओलसर काडी टेकवून ठेवली, गम फुगला, मग प्लॅस्टिकच्या पिकच्या टोकाने सालपट निघालं. चिमट्याचं धातूचं टोक लावू नका. त्या खिडकीवर काळी पण इन्फ्रारेडला वाट देणारी शाई असते, ती खरवडली की काच बदलण्याशिवाय इलाज नाही. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, ॲसिटोन शाई धुऊन टाकतं.

नवं रबर बसवलं. उंच निघालं. कव्हर बसेना, स्क्रू आवळले तर वरच्या कडेला काच फ्रेमपासून किंचित उचलली जाते असं तिरक्या उजेडात दिसलं. लगेच काढलं. रबराविनाच तात्पुरतं जोडून आकडा बघितला : मोकळा ३८०. नुसत्या गमाने निम्मं काम बिघडवलं होतं.

३८० वर फोन चालला असता. पण भिंत नसताना कॅलिब्रेट केलं तर ९ तारीखच परत येणार होती.

१९ जुलै, शनिवार

रबर घरीच करायचं ठरलं. काळी इन्सुलेशन टेप घरात होती, तिचे थर लावून भिंत करावी असा विचार. आधी रिमोटवर तपासली. टेपचा एक थर रिमोटच्या दिव्यावर लावून कॅमेऱ्यात बघितलं तर जांभळा उजेड फिकट पण स्पष्ट आरपार. डोळ्याला काळं दिसतं ते इन्फ्रारेडला काळं असेलच असं नाही. काही काळी प्लॅस्टिकं त्याला काचेसारखी असतात; रिमोटच्या तोंडावरची गडद पट्टी हे त्याचंच उदाहरण. म्हणून जे काही लावणार असाल त्याची रिमोटवर परीक्षा घ्या.

काळी फोम टेप, दोन मिलिमीटर जाड, ₹६०. ही पास झाली, काहीच दिसेना. नव्या ब्लेडने बारीक चौकोन कापला, सुई तापवून दोन भोकं पाडली. पहिल्यांदा भोकं इतकी जवळ आली की मधली भिंत वितळूनच गेली. मग सुई न तापवता, इंजेक्शनच्या सुईचं तिरकं तोंड फिरवून भोकं कापली. ही पद्धत चांगली, कडा स्वच्छ येतात. फोम दाबला जातो, त्यामुळे उंचीचा प्रश्न आपोआप सुटला. मागचा चिकट कागद काढला नाही. सेन्सरच्या डोळ्यावर गोंद नको होता.

जोडणी उलट क्रमाने, बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात शेवटी. झाकण लावण्याआधी चाचणी मेनू : मोकळा आकडा ९५. तळहात तीन सेंटिमीटरवर आणला, १,३०० च्या पुढे. हात काढला, परत ९५. आता कॅलिब्रेट केलं.

काचेची वरची कड १३ तारखेच्या उंच रबराने किंचित सुटली होती, तिथे बी-७०००, या वेळी टोकदार नळीने, भोकापासून लांब. रात्रभर कपड्याच्या चिमट्यांखाली ठेवला, चिमट्यांच्या तोंडाला कापड गुंडाळून.

२ ऑगस्ट, शनिवार

आठवड्यापेक्षा जास्त झाला, आत्याच्या रोजच्या वापरात फोन नीट चालतोय. केस कानावर असतानाही काळा होतो, लांब नेला की उजळतो. गॅस तिने स्वतः नोंदवला. आज नवी टेम्पर्ड लावली, ₹१५०, वरच्या फटीला पूर्ण मोकळी जागा सोडलेली. दुकानदार फुल बॉर्डरवालीच चांगली म्हणत होता. लावण्याआधी नुसती काचेवर ठेवून आकडा बघू द्या म्हटलं, तर तो हसला, पण थांबला. ९५ चे ११० झाले. चालेल.

खर्च : अल्कोहोल ९०, हत्यारं २८०, गम ८०, वाया गेलेलं रबर ४०, फोम टेप ६०, टेम्पर्ड १५०. एकूण ₹७००, लोकलचं तिकीट वेगळं. हत्यारं घरात असतील आणि फोम टेप आधीच घेतली तर हे एका रविवारचं काम आहे. माझा बराचसा वेळ कॅलिब्रेशनच्या फेऱ्यात आणि रबर शोधण्यात गेला.

धूळ आणि पाण्यापासून जे काही संरक्षण कंपनीने दिलं होतं ते आता धरू नये. झाकणाच्या क्लिपा पूर्वीइतक्या घट्ट बसत नाहीत. आत्याला पावसात फोन पिशवीत ठेवायला सांगितलंय.

एक गोष्ट राहिली. उजेडानुसार स्क्रीन कमी-जास्त करणारा सेन्सर याच चिपमध्ये असतो, आणि माझ्या फोमची कड बहुतेक त्याच्यावर थोडी सावली टाकते. बाहेर उन्हात गेल्यावर ब्राइटनेस जरा कमीच चढतो. त्यासाठी परत बोर्ड उचलायची माझी तयारी नाही. ऑटो ब्राइटनेस बंद करून पट्टी अर्ध्याच्या पुढे ठेवलीय.